आमसुलाचे पाणी

चैत्र लागला, आणि लालबागच्या मसाल्याच्या गल्लीतील डंकांची उसंत संपली. लोखंडी मुसळे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एकामागून एक उखळात आपटत राहत, आणि दोन घावांमधल्या सवडीत हात घालून कडेची मिरची मध्ये सारण्याचे काम रामदास करीत असे. पाहणाऱ्याला ते काम धोक्याचे वाटे. रामदासला वाटत नसे. घावाची लय त्याच्या मनगटाला ठाऊक होती. त्याचा त्रास निराळा होता. नाकावर ओला पंचा बांधला तरी मिरचीची धूळ घशात उतरे, भुवयांवर लाल थर बसे, आणि दुपारी डबा उघडला की पहिल्या घासाआधीच पोटात निखारा ठेवल्यासारखे होई.

गिऱ्हाईक बाया दूरदूरच्या उपनगरांतून येत. आपली मिरची दुसरीच्या मिरचीत मिसळू नये म्हणून त्या उखळाशेजारी स्टूल मांडून बसत आणि शेवटचा चमचाभर मसाला डब्यात पडेपर्यंत नजर हलवीत नसत. त्यांचे वर्षाचे जेवण त्या उखळात असे, म्हणून त्यांच्या नजरेचा राग धरण्यात अर्थ नव्हता. पाऊस आला की गल्ली ओस पडे. जो माणूस वैशाखाच्या गर्दीत उखळापाशी उभा राही, त्यालाच मालक पुढल्या चैत्रात बोलावी. हा तिथला अलिखित नियम होता.

मालक हितेंद्र वयाने रामदासहून लहान होता. तो गल्ल्यावरून म्हणाला, "रामदासदादा, सारखे खाली का बसता? बरं नाही का?"

"पित्त झालंय जरा."

"बघा बाबा. मे महिन्यात मला माणूस मिळत नाही."

हे काळजीनेच म्हटलेले होते. रामदासला मात्र त्यातला इशारा तेवढा ऐकू आला, आणि तो उठून उभा राहिला.

काळाचौकीला त्याचे बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर होते. आई जाईबाई, बायको सुनेत्रा आणि तो, अशी तीनच माणसे. जाईबाईंचा हात पोटाच्या बाबतीत साऱ्या चाळीत मानला जाई. बाळाच्या पोटात कळ आली तर मुरडशेंग उगाळून द्यावी, अजीर्णाला ओवा आणि सैंधव चावावे, जुलाबाला ताकात सुंठ घालावी, जळजळीला आमसूल भिजवून त्याचे पाणी जिरेपूड आणि चिमूटभर साखर टाकून प्यावे, हे सारे त्या इतक्या ठामपणे सांगत की ऐकणाऱ्याचे निम्मे दुखणे तिथेच ओसरे. हा उपचार खोटाही नव्हता. पहिल्या आठवड्यात जाईबाईंनी चिनी मातीच्या वाडग्यात आमसूल भिजवून रामदासला दिले, तेव्हा त्याला खरोखरच बरे वाटले होते.

सुनेत्राचे मत वेगळे होते. ती दादरला कपड्यांच्या दुकानात काउंटरवर असे. मंडळाच्या महिलांच्या खेळात चमच्यातले लिंबू ऐनवेळी पडल्यामुळे तिची पैठणी हुकली होती, आणि दुसऱ्या बक्षिसाची तांब्याची झाकणाची कळशी घरी आली होती. तिच्यात ती पिण्याचे पाणी भरून ठेवी आणि सकाळी उपाशीपोटी पिई. तिचे पोट त्यामुळे सुधारले, असे तिचे म्हणणे होते.

जाईबाई म्हणाल्या, "भांडा विसळून पिल्यार पोट बरा होता काय गो?"

"आई, विसळून नाही, रात्रभर ठेवून. सगळे डॉक्टर सांगतात."

"खंयचे डॉक्टर? मोबाइलातले?"

"मग तुमचं आमसूल तरी कुठल्या डॉक्टरने सांगितलं?"

"माझ्या आवशीन सांगल्यान. ती कोणाक फी लावी नाय होती."

परिणाम असा झाला की रामदासला सकाळी अगोदर आईचा पेला आणि पाठोपाठ बायकोचा पेला प्यावा लागे. एकीचा घेऊन दुसरीचा नाकारण्याची सोय त्या घरात नव्हती. भाजी चिरण्यापासून दूरदर्शनवरच्या मालिकेपर्यंत एकाही गोष्टीवर त्या दोघींचे जुळत नसे, आणि प्रत्येक वादात अखेरीस दोघीही त्याच्याकडे पाहत. एका सकाळी दोन्ही पेले समोर आल्यावर तो हसून म्हणाला,

"आये, एक काम कर. तुझं आमसूल हिच्या कळशीत टाक. एकाच पेल्यात दोघींचा मान राहील, आणि मलाही कामावर सारखं मुतायला जावं लागणार नाही."

तो थट्टेत बोलला होता. पण सुनेत्राने भांडी पुसता पुसता सासूकडे पाहिले, आणि जाईबाईंनी, तोंडातली पानाची गुळणी सांभाळत, मान डोलावली.

"तांबा थंड असता म्हणतत खरा," त्या म्हणाल्या.

"आणि आमसूलही थंडच ना, आई."

"थंडच."

त्या रात्री कळशीत आमसुले पडली. सुनेत्राने झाकण लावले, जाईबाईंनी वर ओले फडके गुंडाळले. कळशी आता रामदासच्या औषधालाच राहिली, आणि सुनेत्रा माठातले पाणी पिऊ लागली. लग्न होऊन आल्यापासून एखादे काम त्या दोघींनी मिळून केल्याचे रामदासने पाहिले नव्हते. त्याला मनातून बरे वाटले, आणि तो निर्धास्त झोपला.

पहिल्या दोन-तीन सकाळी त्याला नुसते मळमळले. पुढे कामावर तोंडाला विचित्र चव येऊ लागली. नाणे चोखावे तशी. कितीही चुळा भरल्या तरी ती जाईना. दुपारी पोटात पीळ पडे आणि तो उखळापासून उठून गोणपाटांच्या आडोशाला ओणवा होई. शेजारच्या उखळावरचा दगडू त्याच्या वेळचा, त्याच्याच गावाकडचा होता. तो तेवढ्यापुरते दोन्ही उखळांवर लक्ष ठेवी.

"काय रे रामदास, सकाळीच टाकून येतोस काय?"

"टाकूनच येतो. आमसुलाचं."

"मग चकण्याला काय? जिरं?"

दोघेही हसले. हसताना रामदासला पोट धरावे लागले.

घरी त्याने चवीचे सांगितले. जाईबाईंनी त्याची जीभ उजेडाकडे वळवून पाहिली.

"पित्त वर इलाहा. आमसूल कमी पडता."

"पाणी पण पुरतं मुरत नसेल," सुनेत्रा म्हणाली. "मी संध्याकाळीच भिजत घालते आता. सकाळपर्यंत जास्त वेळ मिळेल."

आमसुले दुप्पट झाली. मुरण्याचा वेळ वाढला. सकाळचा एक पेला होता, तेथे डब्यासोबत बाटलीही आली. गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या डॉक्टरने दिलेल्या गोळ्या रामदास त्याच पाण्याबरोबर गिळू लागला. आणि तरी तो बरा होत नाही, तेव्हा दोष औषधात नसून माणसातच असला पाहिजे, असा सरळ निष्कर्ष दोघींनी काढला. त्यांच्या बाजूने तो तर्काला सोडून नव्हता. उपचार दोन होते, दोन्ही पारखलेले होते, आणि पहिल्यांदाच दोघींचे एकमत होते.

"तू बाहेर वडे खातस," जाईबाई म्हणाल्या.

"नाही गं, आये."

"चाय पितस."

"सोडला."

सुनेत्राने त्याच्या सदऱ्याचे खिसे चाचपले. एकदा तो दारातून आत आला तेव्हा तिने जवळ येऊन त्याच्या तोंडाचा वास घेतला. शेजारची अंबिका तेव्हा गॅलरीत कपडे वाळत घालीत होती. तिने नजर दुसरीकडे वळवली. रामदास चाळिशी ओलांडलेला माणूस होता. तो उंबऱ्यात तोंड उघडे ठेवून उभा राहिला, आणि तपासणी संपल्यावर मोरीवर जाऊन त्याने उगाचच बराच वेळ हातपाय धुतले.

"खरं सांगतो," तो बाहेर येऊन म्हणाला, "तुम्ही देता त्याच्याशिवाय माझ्या पोटात काही जात नाही."

"मग बरं कसं वाटत नाही?" सुनेत्राने विचारले.

त्याने पेला घेतला आणि एका दमात संपवला.

वैशाखातल्या एका शनिवारी शीवहून एक बाई आपल्या सुनेला घेऊन आल्या. बेडगी आणि संकेश्वरी त्यांनी घरी निवडून, देठ काढून, गच्चीवर वाळवून आणली होती. भाजणाऱ्या बाईने ती तेलाच्या हाताने भाजून सुपात काढली, आणि सूप उखळाशेजारी आणून ठेवले. बाई स्टुलावर बसल्या. डंक सुरू झाला. रामदासने पहिली ओंजळ उखळात सोडली, मुसळ आपटले, खकाणा वर आला, आणि त्याच क्षणी त्याच्या पोटातून काहीतरी पीळ सोडून वर उसळले. त्याने हात मागे घेतला, तोंडावरचा पंचा ओढला, उठू लागला. उठता आले नाही. तो गुडघ्यांवर पुढे कोसळला आणि सुपातल्या मिरचीवरच ओकला.

डंक चालूच राहिला. दगडूने धावत येऊन खटका बंद केला तेव्हा एकाएकी इतकी शांतता झाली की बाहेरच्या टेम्पोचा आवाज आत ऐकू आला. तांबड्या मिरचीवर हिरवट निळसर पाणी पसरत होते. तो रंग पाहून भाजणारी बाई दोन पावले मागे सरली.

शीवच्या बाईंनी पदर नाकाला लावला होता. त्या वाईट माणूस नव्हत्या. "यांना काही रोग आहे का?" त्यांनी हितेंद्रला विचारले. "म्हणजे, उखळात पण हात घातला होता त्यांनी. आमच्या घरात वर्षभर खायचं आहे ते."

"बाई, सगळी मिरची बदलून देतो. उखळ धुवून घेतो."

"नको. आम्ही दुसरीकडे जातो."

सून अगोदरच रिकामे डबे पिशवीत भरू लागली होती. रामदास गुडघ्यांवर तसाच होता. तो सूप स्वतःकडे ओढू लागला, जणू ते लपवले तर झालेले पुसले जाईल. दगडूने त्याची बोटे सुपावरून एकेक करून सोडवली.

"राहू दे, मी बघतो. ऊठ. टॅक्सी आणतो."

हॉस्पिटलात त्याला सलाइन लावले. तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याचे पोट दाबून पाहिले आणि सुनेत्राला विचारले, "दारू पितात?"

"नाही."

"दुखण्याच्या गोळ्या? बाहेरचं खाणं?"

"काही नाही, मॅडम. सगळं घरचं. आमसुलाचं पाणी देतो आम्ही."

"ते चांगलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण सध्या तोंडाने काहीच नको. पोटाला आतून बरीच सूज दिसते आहे. रक्ताचा रिपोर्ट येऊ दे." आणि त्या पुढच्या खाटेकडे वळल्या. कशात भिजवता, हे त्यांनी विचारले नाही. आणि तो प्रश्न त्यांना सुचला नाही म्हणून त्यांना दोष देता येत नाही, कारण तो कोणालाच सुचला नव्हता.

दगडूला खाटेपाशी बसवून सुनेत्रा कपडे आणायला घरी आली. जाईबाई मोरीत सकाळची भांडी घेऊन बसल्या होत्या. कळशीत पाणी उरले होते. सुनेत्राने ते मोरीत ओतले, आमसुलाचा चोथा बोटांनी काढला, आणि आतून विसळण्यासाठी कळशी उजेडाकडे तिरपी केली. तिचा हात तसाच थांबला.

"आई, तुम्ही ही आतून घासली?"

"माझो हात जाता काय तिच्यात? तूच घासतस."

"मी नुसती विसळते."

कळशी आतून नव्या नाण्यासारखी झळझळत होती. गळ्यापाशी, जिथवर पाणी पोहोचत नसे, तिथे एक काळपट कडे होते. त्याच्याखाली डागाचा मागमूसही नव्हता.

जाईबाईंनी कळशी तिच्या हातून घेतली. देव्हाऱ्यातले ताम्हन आणि पंचपात्री त्या दर सणाला याच आमसुलाच्या चोथ्याने घाशीत आल्या होत्या. तांब्यावरचे काळे-हिरवे कीट आमसूल लागताच कसे सुटते, किटाचे पाणी हिरवट होऊन मोरीत कसे वाहते, हे त्यांच्या बोटांना पाठ होते. ते पाणी मांजराने चाटू नये म्हणून त्या मोरीत वरून साधे पाणी ओतीत असत. तेच पाणी त्यांनी गेले कित्येक दिवस रोज सकाळी गाळून, जिरेपूड घालून, आपल्या हाताने मुलाच्या तोंडाशी धरले होते.

"सुनेत्रा," त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "हेचा कीट खंय गेला गो?"

सुनेत्रा ओल्या मोरीतच खाली बसली. तिच्या साडीचा काठ भिजत होता. तिला ते कळले नाही.

दार उघडेच होते. रामदासची चौकशी करायला अंबिका आली आणि त्या दोघी एका कळशीभोवती अशा बसलेल्या पाहून उंबऱ्यातच थबकली. सुनेत्राने तुटक शब्दांत काय झाले ते सांगितले. अंबिकेने कळशीत डोकावले, आणि तिचा हात आपसूक स्वतःच्या पोटावर गेला.

"मावशी, रागावू नका. तुम्ही मला एकदा याच कळशीतलं पेलाभर दिलं होतं बघा, माझ्या अ‍ॅसिडिटीला. मी घरी जाऊन ओकले होते."

जाईबाईंनी मान वर केली. "आणि माका सांगलंस नाय?"

"तुम्हाला कोण सांगणार, मावशी?" अंबिका म्हणाली. "सगळी चाळ तुमचं औषध घेते. मला वाटलं, माझंच पोट नाटकी. दुसऱ्या वेळेला दिलंत ते मी कुंडीत ओतलं."

ती हे मानानेच बोलली होती. जाईबाईंच्या कानशिलावर मात्र त्या मानाचा आघात कोणी चपराक मारावी तसा झाला. त्यांनी भिंतीला हात टेकला आणि कळशी हळूच, आवाज न करता, जमिनीवर ठेवली.

दोघी मिळून हॉस्पिटलात गेल्या. कळशी सुनेत्राने फडक्यात गुंडाळून घेतली होती. डॉक्टरीणबाईंनी ती हातात घेऊन आत पाहिले, क्षणभर दोघींच्या तोंडाकडे पाहिले, आणि आपल्या वरिष्ठांना बोलवायला गेल्या. त्यानंतर पुष्कळ प्रश्न झाले. सुनेत्रा उत्तरे देत होती: हो, रात्रभर, हो, संध्याकाळपासून, हो, मागून दुप्पट केले. प्रत्येक उत्तराला तिचा आवाज लहान होत गेला. आंबट काहीही तांब्यात ठेवायचे नसते, एवढेच वरिष्ठ डॉक्टर अखेरीस म्हणाले. वेळेवर थांबले आहे, यकृत तपासून पाहू, माणूस बरा होईल. त्यांनी दोघींना रागे भरले नाही. भरले असते, तर कदाचित ते सोसायला सोपे गेले असते.

रामदासला हे जाईबाईंनीच सांगितले. खाटेच्या कडेला उभे राहून, त्याच्या पायावरच्या चादरीची घडी सारखी करीत त्या म्हणाल्या, "तुझ्या पोटात दुसरा काय गेला नाय. आम्हीच घातलाव, बाबा. तांब्यातला आमसूल. ता कीट."

रामदासने आईकडे पाहिले, मग सुनेत्राकडे. ती खिडकीकडे तोंड करून उभी होती.

"मी सांगत होतो," तो म्हणाला. "बाहेरचं काही खात नाही म्हणून."

"होय रे."

"तुम्ही वास घेत होता."

कळशीची कल्पना आपल्याच तोंडून निघाली होती, हे त्याला आठवले असावे. त्याने एकदा ओठ उघडले आणि मिटले. मग तो कुशीवर वळला.

तो घरी आला तेव्हा हंगाम उतरणीला लागला होता. दगडू भेटायला आला, खाटेवर न बसता दाराशीच टेकून उभा राहिला, आणि इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाला, "हितेंद्रने तुझ्या उखळावर नवीन पोरगा उभा केलाय. मी बोललो त्याला, रामदास बरा होऊन येईल. तर म्हणतो, माझं काही नाही, पण शीवच्या त्या बाईने गल्लीभर सांगितलंय. गिऱ्हाईक विचारतं, तोच माणूस आहे का."

"पुढच्या चैत्रात?"

"बघू ना. चैत्र लांब आहे." दगडूने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चार दिवस मिरचीत मळला नाही म्हणून हात काम विसरत नाही काही."

तो गेल्यावर रामदास आपले हात पाहत बसला. नखांच्या कडांतून मिरचीचा तांबडा रंग पार निघून गेला होता. त्याच्या आठवणीत वैशाखात ते असे कधी दिसले नव्हते.

डॉक्टरांनी आता हलके, पातळ, थोडे थोडे द्यायला सांगितले होते. जाईबाईंनी साळीच्या लाह्या काचेच्या वाडग्यात भिजवल्या. मळमळणाऱ्या पोटाला त्यांच्यासारखे दुसरे काही नाही, हे त्यांना ठाऊक होते, पण या वेळी त्यांनी ते कोणाला सांगितले नाही. डॉक्टरीणबाईंना विचारून येण्यासाठी त्यांनी सुनेत्राला मुद्दाम हॉस्पिटलात पाठवले होते, आणि होकार आल्यावरच लाह्या पाण्यात सोडल्या. वाडगा सुनेत्राने उकळत्या पाण्याने धुतला. काम चालले असताना दोघींपैकी एकीनेही दुसरीची चूक काढली नाही. त्या घरात एवढी शांतता पूर्वी कधी नव्हती. पाणी गाळून, चिमूटभर मीठ घालून, जाईबाईंनी पेला भरला आणि खाटेपाशी आणला.

"घे बाबा. घोट घोट घे."

रामदासने हात पुढे केला. पेला घेतला नाही. तो पेल्याकडे पाहत राहिला; त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रुसवाही नव्हता. गिऱ्हाईक बाया स्टुलावर बसून उखळाकडे पाहतात, तशी ती नजर होती.

"आये," तो म्हणाला, "अगोदर तू पी."

ओट्यापाशी सुनेत्राच्या हातातली गाळणी थांबली. जाईबाई पेला तसाच धरून उभ्या राहिल्या. या चाळीतल्या तान्ह्या बाळांपासून म्हाताऱ्यांपर्यंत कोणीही त्यांच्या हातचे कधी असे अडवले नव्हते, आणि ज्याला पहिले बोटभर पाणी त्यांनीच पाजले होते, त्याने अडवले तर त्यात त्याची काही चूक नव्हती.

त्यांनी पेला तोंडाला लावला. एका घोटाने भागले असते. त्या पीत राहिल्या. सावकाश, त्याच्याकडे पाहत, पाणी संपेपर्यंत, तळाचा लाह्यांचा गाळसुद्धा राहू न देता. मग त्यांनी रिकामा पेला पदराने पुसला आणि त्याच्यासाठी दुसरा भरायला आत गेल्या. तिथे सुनेत्रा वाडग्यातले पाणी एका घोटापुरते तळहातावर घेऊन पीत होती.